लेकीचे हात

आमचे हे जन्मात कुठल्या परीक्षेत नापास झाले नाहीत, आणि इथंच सगळं घोडं पेंड खातं. माणसानं एकदा तरी नापास व्हावं. निदान डोळ्यांच्या परीक्षेत तरी व्हावं. पण नाही. यांचा टायपिंगचा क्लास होता, बाजारपेठेतल्या एका जिन्याच्या वर, भिंतींना लागून मशिनांच्या दोन रांगा आणि मधून हे फिरायचे हातात लाकडी पट्टी घेऊन. पट्टी पोरांना मारायला नव्हे हो, टेबलावर ताल धरायला. टक्, टक्, टक्. "डोळे कागदावर, बोटं कळांवर आणि कान माझ्याकडे," असं सांगायचे. ताल चुकला की अक्षर चुकलंच, हा यांचा सिद्धांत. पुढं कॉम्प्युटर आले, मशिनं भंगारात गेली, क्लास मोडला, पण यांच्या अंगातला ताल काही गेला नाही. मी वाढायला जरा उशीर केला की ताटाच्या कडेवर बोट चालू. "अहो, ताट आहे ते, मशीन नव्हे," मी रोज म्हणायचे. ते रोज हसायचे आणि वाजवायचे.

आम्हाला एकच मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी आठवडाभर पदर तोंडाला लावून रडत होते, आणि हे तिसऱ्याच दिवशी मूकबधिरांच्या शाळेत जाऊन पालकांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसले. हातांची भाषा शिकून आले. त्यातही पहिला नंबर काढला असणार, मी विचारलं नाही. मीही शिकले, पण माझं कसं आहे, जीभ चालते तशी बोटं चालत नाहीत. हातांनी बोलायला गेले की मी तोतरी होते. लेक हसते मला. यांचं मात्र उलट, यांची बोटं आयुष्यभर चालतच होती, त्यांना फक्त नवीन अक्षरं मिळाली.

हे तिला 'वकील' म्हणायचे, कारण वादात ती कुणाला हार जायची नाही. आता मोठी झालीय. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. एकेक दात बारीक घासून, रंग जुळवून बसवते. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या लेकीनं केलंय, असं मी सगळ्यांना ऐकवत असते.

संध्याकाळी ती कामावरून आली की दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायची आणि सुरू. मालक काय म्हणाला, कुणाची कवळी कुणाला गेली, बसमध्ये कोण कुणाशी भांडलं. आवाज कसला म्हणून नाही. मला स्वयंपाकघरात फक्त खुर्चीची करकर ऐकू यायची आणि मधेच हे खो खो हसायचे. मी झारा हातात घेऊन दारात यायचे. "मलाही सांगा की काय झालं ते!" मग हे सांगायचे, पण सांगताना निम्मी मजा उडालेली असायची. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. पण बरंही वाटायचं. पोरीच्या शाळेतल्या मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या, कामावर बाकी सगळे बोलणारे. तिच्याशी पोटभर बोलणारं माणूस जगात एकच होतं आणि ते आमच्या घरात बसलेलं होतं.

मग यांना धूसर दिसायला लागलं. आधी म्हणाले बल्ब बारीक आहे. मी मोठा बल्ब आणला. मग म्हणाले चष्मा खराब झालाय. चष्मा बदलला. वकीलबाई बोलायला लागली की हे हात वर करून थांबवायचे. "पुन्हा सांग. इकडे ये, उजेडात." ती खुर्ची जवळ ओढायची. तरी चुकायचं. अजून जवळ यायची, पार गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि कमाल अशी की जितकी जवळ येईल तितकं यांचं जास्त चुकायचं. हे भलतंच उत्तर द्यायचे. तिनं विचारावं गोळी घेतली का, आणि यांनी सांगावं हो, पाऊस येईलसं वाटतंय. सुरुवातीला आम्ही तिघंही हसलो. नंतर ती हसेना. मग तिनं गोष्टी सांगणंच सोडलं. जेवलात का, झोपा आता, येते मी, एवढंच. टेबलाशी दोघं बसलेली असायची आणि मला आत खुर्चीची करकरही ऐकू यायची नाही.

एक दिवस भांडी पुसताना तिनं मला हातांनी सांगितलं, "मला बाबांना एक सांगायचंय. आधी त्यांना. त्यांचे डोळे नीट झाले की सांगेन."

"का? मी काय शेजारीण आहे?" मला असा राग आला! पण ती नुसती हसली आणि पुढची ताटली उचलली. ओठ वाचता येतात तिला, माझं बोलणं बरोबर कळलं होतं. त्या हसण्यात काहीतरी होतं, आईला कळतंच. मी मनात म्हटलं, बरं बाई, आधी त्यांना तर त्यांना, पण लवकर सांग.

आता ती परीक्षेची गोष्ट. यांच्या डोळ्यांत दाब आहे हे काही आम्हाला नवीन नव्हतं. घराजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, काचबिंदूची सुरुवात आहे, रोज थेंब घाला. हे घड्याळ लावून घालायचे. आणि दरवर्षी ती नजरेची परीक्षा. एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं. आजूबाजूला बारीक बारीक उजेड लुकलुकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. कडेचं किती दिसतं ते त्यावरून कळतं म्हणे. हे बाहेर यायचे ते छाती काढून. "सोपी आहे गं. एकदा ताल सापडला की झालं. एकही चुकवला नाही." आत मशिनीवर बसलेली मुलगी म्हणायची, आजोबा, दिसेल तेव्हाच दाबा हं. हे दुखावायचे. चाळीस वर्षं बोटांवर काढलेल्या माणसाला ही पोर शिकवणार! आणि दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टर कागद बघायचे, म्हणायचे छान आहे, तोच थेंब चालू ठेवा, पुढचा पेशंट. आम्ही खूश होऊन रिक्षानं घरी.

धूसर फारच वाढलं तेव्हा लेकीनं हट्ट करून आम्हाला मोठ्या डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई माझ्या भाचीच्या वयाच्या असतील. बोलायला मऊ, पण काम पक्कं. त्यांनी यांच्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं, मग जुने कागद बघितले, परत डोळ्यांत बघितलं.

"मोतीबिंदू तर पिकलाय," त्या म्हणाल्या. "तो काढू. पण काका, मागची नस वाळून गेल्यासारखी दिसतेय आणि परीक्षेत तुम्हाला पैकीच्या पैकी. या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत."

हे म्हणाले, "मी दोन्हीकडे प्रामाणिक आहे हो."

बाई हसल्या. खुर्ची ओढून यांच्या समोर बसल्या. डावा डोळा झाकायला लावला. म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघा, मी बाजूनं बोट आत आणीन, दिसलं की 'दिसलं' म्हणा. मी आणि लेक यांच्या पाठीमागं उभ्या होतो, आम्हाला सगळं दिसत होतं. बाईंनी एका बाजूनं बोट हलवलं. हे म्हणाले, "दिसलं." दुसऱ्या बाजूनं हलवलं. "दिसलं." वरून, खालून. "दिसलं. दिसलं." मला हायसं वाटलं. मग बाईंनी काय केलं, दोन्ही हात खाली आणून आपल्या मांडीवर ठेवले. आणि नुसत्या बसून राहिल्या.

हे नाकाकडे बघत म्हणाले, "दिसलं."

थोडं थांबून पुन्हा, "दिसलं."

आणि पुन्हा. त्याच तालात. चेहऱ्यावर तोच पहिल्या नंबरचा आनंद. लेकीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ दिसत होता. बाईंनी हळूच यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बास काका. झालं."

"किती आले?" यांनी विचारलं.

मग बाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात, त्या दिवशी नाही आवडली. डावा डोळा जवळजवळ गेल्यात जमा आहे. उजव्याला मधला एक लहानसा तुकडा उरलाय, कडेचं सगळं गेलंय, नळीतून बघावं तसं. मी म्हटलं, अहो पण यांनी कधी सांगितलं नाही की कडेला काळं दिसतं! बाई म्हणाल्या, "काळं दिसतच नाही. मावशी, तुम्हाला तुमच्या पाठीमागचं आत्ता काय दिसतंय? काळं दिसतंय का? काहीच नाही ना? तिथं बघायला काही आहे हेच डोळ्याला कळत नाही. तसं असतं ते."

उपाय काय, तर त्यांनी असं समजावलं. डोळ्यात सारखं थोडं पाणी तयार होतं आणि एका बारीक वाटेनं निचरा होतो. यांची मोरी तुंबलीय, पाणी साठून दाब वाढतो आणि नस मरते. मोरी मोकळी होण्यासारखी नाही, तर नळच थोडा आवळायचा. मोतीबिंदू काढून भिंग बसवायला जी बारीक चीर देतात, त्याच चिरेतून आत लेसर न्यायचा आणि पाणी तयार करणारी जागा थोडीशी भाजायची. एकाच वेळी दोन्ही कामं.

"त्यानं धूसर जाईल, उरलंय ते टिकायला मदत होईल," बाई म्हणाल्या. "गेलंय ते परत येणार नाही. आणि हा एकच डोळा आहे, एवढा कमकुवत झालेला. धोका थोडा आहेच. उरलेलंही जाऊ शकतं. घरी बोला आणि ठरवा."

घरी आल्यावर मी यांना सोडलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "ती काय परीक्षा होती का हो? कोण तुम्हाला सर्टिफिकेट देणार होतं? दिसत नव्हतं तर दाबलंत कशाला? वर्षानुवर्षं आम्हाला फसवलंत आणि स्वतःलाही!"

हे पलंगाच्या कडेला बसले होते. इतके लहान दिसत होते. म्हणाले, "मला वाटायचं दिसतंय म्हणूनच दाबतोय. बोट आधी जायचं आणि दिसल्यासारखं मागाहून वाटायचं. खरंच सांगतो गं, मला कळलं नाही." आणि मग या माणसाला मी लग्नानंतर दुसऱ्यांदा रडताना बघितलं. पहिल्यांदा सासूबाई गेल्या तेव्हा. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी शेजारी बसले. पदराच्या टोकानं यांचे गाल पुसले.

ऑपरेशनला हे तयार होईनात. आहे तेवढं पुरे म्हणाले. धूसर तर धूसर, पण निदान उजेड आहे, वकीलबाई दारातून आली की तिचा आकार कळतो. उरलेलंही गेलं तर? मलाही तीच भीती होती. आंधळ्या नवऱ्याचं मी करीन हो, हात धरून फिरवीन, घास भरवीन. पण त्या पोरीचं काय? तिला ऐकू येत नाही आणि यांना दिसणार नाही, म्हणजे दोघांच्यात काही उरणारच नाही. मी मधे उभी राहून तोतऱ्या हातांनी काय काय पोचवणार!

लेक आमचं बोलणं ओठांवरून वाचत उभी होती. पुढं आली, यांच्या समोर जमिनीवर बसली, मोठ्या दिव्याखाली, आणि हातांनी म्हणाली, "आत्ता तरी मी कुठे दिसते तुम्हाला?"

"पुन्हा सांग," हे म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा सांगताना तिचे डोळे वाहत होते, हात मात्र सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसे. या वेळी यांना कळलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "बाईंना फोन कर. तारीख घे."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघी बाहेर बाकावर. जीव नुसता टांगणीला लागलेला. ती काही बोलत नव्हती, मी एकटीच बोलत होते, समोरच्या भिंतीशी, दाराशी, शेवटी झाडूवाल्या बाईशी. डोळा बधिर करून करतात, माणूस जागाच असतो. आतली गंमत नंतर कळली. चादरीखाली यांचं बोट टेबलावर चालूच होतं आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, ताल थांबवा, डोळा हलतोय. यांनी म्हणे दुसऱ्या हातानं ते बोट धरून ठेवलं, शेवटपर्यंत. डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आणलं तेव्हाही एका हाताची मूठ दुसऱ्या बोटाभोवती आवळलेलीच होती. मी ती सोडवली.

"दोन्ही कामं नीट झालीत," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी पट्टी काढू."

सकाळी आम्ही लवकर पोचलो. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, यांची खाट अगदी टोकाच्या खिडकीशी. बाकीचे पेशंटही डोळ्यांचेच, कुणी हिरवा चष्मा लावलेलं, कुणी पट्टी बांधलेलं. लेकीनं आपला निळा ड्रेस घातला होता, केस नीट बांधले होते. तिचं आज काय चाललंय ते मला ठाऊक होतं. आज ती सांगणार होती. एवढे महिने पोटात ठेवलेलं. ती यांच्या समोर, खाटेला अगदी खेटून उभी राहिली. बाईंनी पट्टी सोडली, डोळा पुसला, थेंब घातला. म्हणाल्या, हळूहळू उघडा.

यांनी उघडला. एकदा मिटला, परत उघडला. आणि यांचा चेहरा असा फुलला, काय सांगू! "अगं!" म्हणाले. "अगं बाई, काय स्वच्छ दिसतंय! तिचं नाक बघ. भुवया. तिच्या कपाळावर एवढी रेष कधी आली? वकील, तू म्हातारी झालीस की!" मी हसायला लागले आणि रडायलाही लागले. डॉक्टरबाई हसत होत्या. लेकीचे हात तर थांबेचनात. बाबा, मी दिसते? नीट दिसते? एक सांगायचंय, कधीपासून सांगायचंय, बसा नीट, ऐका. छातीशी दोन्ही हात नुसते भिरभिरत होते.

हे तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. बघता बघता यांचं हसू जरा कमी झालं. माझ्याकडे न वळताच मला म्हणाले, "ही बोलत का नाही? गप्प का उभी आहे?"

लेकीनं यांचे ओठ वाचले होते. तिचे हात जिथं होते तिथंच थांबले. तिनं एकदा आपल्या हातांकडे पाहिलं, मग यांच्या डोळ्यांकडे, ते कुठं बघतायत तिकडे. हात थोडे वर केले, हनुवटीशी. यांना बोटांची टोकं दिसली असावीत. "हां, आता काहीतरी म्हणतेय," हे म्हणाले, पण तेवढ्या जागेत तिची भाषा कुठली मावायला? खांदा पाहिजे, छाती पाहिजे, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. यांनी हात बघायला नजर खाली नेली की तोंड सुटायचं, तोंडाकडे आले की हात सुटायचे. डॉक्टरबाईंनी आधी सांगितलं होतं, गेलेलं येणार नाही. आम्हा तिघांनाही कळलं होतं. पण आशा वेडी असते हो, आम्ही कळून न कळल्यासारखं केलं होतं. धुकं गेलं होतं, आणि आता स्वच्छ उजेडात कळत होतं की किती थोडं उरलंय.

लेक मागं फिरली. यांना पाठ करून दोन्ही खाटांच्या रांगांमधून तरातरा चालत पार वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला गेली. दारात वळली आणि माझ्याकडे बघून हातांनी म्हणाली, "मी बाहेर जाते जरा. मला रडायचंय."

आणि माझ्या शेजारून हे म्हणाले, "रडायला बाहेर कशाला जातेस?"

मी दचकून यांच्याकडे बघितलं. डॉक्टरबाईंनीही बघितलं. यांनी दोन्ही हात वर करून, मोठ्ठे करून, लेकीला तेच हातांनी विचारलं. ती दारातच खिळली. "दिसले?" तिनं लांबून विचारलं. "माझे हात दिसले?"

"दिसले," यांनी सांगितलं. "तिथून तू सगळी दिसतेस. तोंड, हात, पाय. सगळी."

ती आनंदानं दोन पावलं पुढं आली. यांनी ताबडतोब हात दाखवून थांबवलं. "नको, नको, पुढं येऊ नकोस. मागं जा. तिथंच थांब." या पोरीला जन्मल्यापासून या माणसानं 'ये, जवळ ये' एवढंच शिकवलं होतं.

मग ती तिथूनच बोलली. भर वॉर्डात, दोन्ही बाजूंनी पेशंट, नर्स, चहावाला, सगळे माना वळवून बघतायत आणि जे बापाजवळ बसून हळूच सांगायचं ते माझी लेक दारात उभी राहून हात लांब लांब करून सांगतेय. सगळं मलाही दिसत होतं. एक जण आहे. चपला-बुटांच्या दुकानात कारागीर आहे. त्यालाही ऐकू येत नाही. चांगला आहे, थोडा हट्टी आहे. त्यानं विचारलंय. मी म्हटलं, माझे बाबा बरे झाले की त्यांना विचारीन. मग आता विचारते. हो म्हणू का?

मी पुढं सरसावले, तर यांनी माझा पदर ओढून मला बाजूला केलं. "हो बाजूला. मधे येऊ नकोस, ती बोलतेय." मी झाले बाजूला.

मग यांचे हात उठले, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा सुटा करत. "हो म्हण. त्याला घेऊन ये. पण इथं माझ्याजवळ आणू नकोस. तिथं, दाराशी उभा कर, म्हणजे मला पुरता दिसेल."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी मला विचारत होती, काय म्हणतात हो, काय म्हणतात? मी तिला नुसतं दाराकडे बोट दाखवलं. डॉक्टरबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या.

आणि पोरगी धावली. तिला भान राहिलं नाही, पोरच ती. दारापासून आमच्या खाटेपर्यंत धावत आली आणि ती जसजशी जवळ येत होती तसतशी यांच्या डोळ्यांतून कमी होत जात असणार, आधी पाय गेले असतील, मग हात, मग खांदे. नर्स ओरडली, "अहो, डोळा! डोळ्याला लागेल!" तोवर तिनं यांच्या गळ्यात मिठी मारली होती, तोंड यांच्या खांद्यात खुपसलं होतं. हे अंथरुणावर दोन्ही बाजूंना चाचपत होते, चादरीवर, उशीवर, तिच्या दंडाशी.

"हात कुठे आहेत तुझे?" हे विचारत राहिले. "अगं, हात कुठे आहेत?"

तिला यांचे ओठ कुठले दिसायला. शेवटी मीच सांगितलं.

"तुमच्या पाठीवर आहेत हो."